परतीच्या वजनाचा पंखा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मासेमारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता, वकीलबाईंसमोर बसून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. राहते घर, मागच्या जाळ्यांच्या खोलीसह, मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मुलगा शहरात असतो. त्याने हिस्सा विकायचा म्हटल्यास पहिला हक्क बहिणीचा. शिवणयंत्र सुनेला. त्यात आठवणीने तेल घालणारी ती एकटीच.

२. बोट, तिच्या मागे लावायचे आउटबोर्ड मशीन आणि हत्यारांची पेटी मुलीची. मुलाला बोट लागते ती फक्त उलटी होण्यापुरती, तेव्हा त्याची हरकत नसावी.

३. मशीनचा, पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा. हे कलम वकीलबाईंना अनावश्यक वाटते, मला नाही.

पूर्वी माझे यजमान आणि धाकटे दीर मिळून बोट चालवत. मासळीच्या लिलावाला सगळ्यांच्या आधी पोचायचे म्हणून दिरांनी जास्त पिळाच्या पात्यांचा, वेगाचा पंखा आणला. रिकामी बोट सुसाट जाई. एकदा जाळे भरून आले. परतताना मशीन कण्हू लागले, त्याचे फेरे चढेनात, बोटीची मागची कड पाण्याला टेकली आणि लाटा आत येऊ लागल्या. अर्धे मासे समुद्रात टाकून दोघे जीव मुठीत धरून आले.

किनाऱ्यावर मी म्हणाले, "जाताना बोट रिकामी असते. पंखा येतानाच्या वजनाला बघून घ्यायचा."

दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मासे विका. मशीन आम्ही बघतो."

 दुसऱ्या दिवशी यजमानांनी दुकानातून तीन पंखे परतीच्या बोलीवर आणले, बोटीत वाळूची पोती भरली आणि मला हाक मारली, "येतेस ना?"

लग्नानंतर आम्ही दोघेच असे कुठे गेलोच नव्हतो. ते मशीनपाशी, मी पोत्यावर बसून फेऱ्यांच्या काट्यावर डोळे लावलेले.

"चढतंय का?"

"नाही चढत!"

उथळ पाण्यात उतरून पंखा बदलला. दुसऱ्याला काटा लाल रेघेच्या पुढे पळाला, मशीन किंचाळले. तिसऱ्याला तो जिथे यायला हवा तिथे येऊन थांबला आणि बोटीने नाक खाली घेऊन चाल धरली.

"जमलं," ते म्हणाले. "जायचं परत?"

"कशाला?" मी म्हणाले.

दुपार कलेपर्यंत आम्ही नुसते फिरलो. इकडे दुकानदार, नवरा-बायको पंखे घेऊन पळाले, म्हणून किनाऱ्यावर बोंब मारत होता. तसा दिवस पुन्हा आला नाही.

पोरी, मोठे मशीन घेशील तेव्हा हा पंखा काढ. आईबापांची आठवण म्हणून बोटीला ठेवू नकोस. वजन भरून, काटा बघून, तुझा पंखा तूच निवड.

४. धाकटे दीर. त्या पंख्यावरून ते वेगळे झाले, बोलणे टाकले. यजमान वारले तेव्हाही दाराबाहेर उभे राहून गेले. गेल्या महिन्यात अचानक अंगणात आले.  चपलेकडे बघत म्हणाले, "वहिनी, नवीन मशीन घेतलंय. पंखा बघता का जरा?"

आधी चहा टाकला. मग आम्ही दोघे म्हातारे पोती भरून निघालो. त्यांना काटा दिसत नव्हता. मी ओरडून सांगत होते.

यजमानांचे मनगटी घड्याळ त्यांना ठेवणार होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून दिरांनाच विचारले, "घड्याळ घेता, की सही करता?"

"घड्याळ पोरीला द्या, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर माझी सही असू दे."

घड्याळ मुलीला.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी मान्य करून सही केली.

ठिकाण : जाळ्यांची खोली
दिनांक : सतरा ऑक्टोबर

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार :
बर्फाच्या कारखान्याचा मुकादम (सही)
धाकटे दीर (सही, पहिली नीट न दिसल्याने दोनदा केली, दोन्ही खऱ्या)