पडद्यावर दिसलेले अण्णा

सोलापूर, १२ जानेवारी १९३६

तीर्थरूप अण्णांच्या चरणी प्रभाचे वंदन.

आम्ही सारी खुशाल आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

काल यांनी मुद्दाम बोलपटाला नेले. मुलगा म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतो, अशी गोष्ट. तो बाप काठी टेकत पडद्यावर आला आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, हे तर अण्णा!"

"अगं, तो तुझा यज्ञेश्वरदादा आहे," हे म्हणाले.

कॉलेजात संस्कृत काव्य शिकवणारा आपला दादा! चार महिन्यांपूर्वीच त्याने नोकरी सोडली. यांना कळवले, पण तुम्हाला सांगायचा त्याला धीर झाला नाही म्हणे.

पण अण्णा, तो अगदी तुमच्यासारखा खोकत होता, तुमच्यासारखेच उपरणे सावरत होता. दादाने हे सारे केव्हा टिपून ठेवले? शेवटी तो बाप देवळाच्या पायरीवर मरतो. शेजारच्या बायका रडत होत्या. मला रडूही येईना. अजून घास उतरत नाही.

दादावर मागाहून हवे तेवढे रागवा. आधी मला दोन ओळी लिहा. आईकडून लिहवू नका, अण्णा. तुमचेच अक्षर पाहू दे.

तुमची लेक,
प्रभा