बिनखिळ्याचं चर्च

शनि., ७ फेब्रु. ९८. मुसफ्फा, अबुधाबी

वर्कशॉपला नवं काम. अबुधाबीत तेलकंपनीतले एक म्हातारे इंजिनियर, चिली देशातल्या कुठल्याशा बेटावरचे. पुढच्या महिन्यात कायमचे घरी चाललेत. गावच्या लाकडी चर्चचं दोन हात लांब मॉडेल हवंय, त्या चर्चमध्येच ठेवायला. अट एकच: लोखंडी खिळा नको, लाकडी मेखा. मूळ चर्च होड्या बांधणाऱ्या सुतारांनी तसंच बांधलंय म्हणे.

फोटोत आतलं छत पाहिलं. उपडी घातलेली होडीच. तोंडातून निघून गेलं, "सर, माय फादर आल्सो बोट मेकर." साहेब हात सोडेनात. काम मला मिळालं.

खरं तर दहावीनंतर बाबांच्या लाकूड तासायच्या वाकसाला मी हात लावला नाही. लाज वाटायची त्या धंद्याची. मेख जन्मात मारलेली नाही.

गुरु., १९

भिंतींवर माशाच्या खवल्यांसारखी लाकडी कौलं. सगळी कापून झाली. झकास. कॅम्पभर फुशारकी मारून झाली.

सोम., २३

खरी मेख पुढेच होती. बाबा होडी पाण्यात ढकलायचे नि मेखा फुगून घट्ट बसायच्या, एवढंच आठवत होतं. म्हणून मी मेखा भिजवूनच मारल्या. एसीत सुकून आकसल्या. सकाळी बोट लावलं तर हातात.

फोरमन वर्गीस: "गुरुवार को साहब आएगा. पिन मारो, ऊपर लकड़ी का टोपी चिपकाओ. कौन देखेगा?"

मारल्या. लोखंडी पिनाच. हात माझाच होता, वर्गीसला काय बोल लावू.

गुरु., २६

साहेब आले. डोळे मिटून एकेका मेखेवरून बोट फिरवलं. रडले. मग बाबांचं नाव विचारलं. चिठ्ठीवर लिहून चर्चच्या तळाला चिकटवणार. मी स्पेलिंग सांगितलं. साहेब चर्च गाडीत घालून घेऊन गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्र., २७

गावी फोन. वाण्याच्या दुकानात बाबांना बोलावून आणलं.

"मेख सुकी व्हयी रे, लाकडापेक्षा सुकी. तू ओली मारलंस काय?"

"नाही."

"मगे धरली?"

"धरली." नावाच्या चिठ्ठीचंही सांगितलं.

वाण्याला मोठ्याने सांगत होते, माजा नाव देवळात लागला. फोन ठेवताच आला नाही.

रवि., १ मार्च

कॅम्पच्या पत्र्यावर परवापासून नव्या मेखा वाळवतोय. हाडासारख्या सुकल्यात. वर्गीसकडे साहेबांचा पत्ता मागितला. "पागल है? नौकरी खलास." दिला शेवटी.

सोम., २

साहेबांनीच दार उघडलं. बायकोला हाक मारली, बोटवाल्याचा मुलगा आलाय. चहा आला. मी सांगून टाकलं, मोडक्या इंग्रजीत, चहा न पिता.

साहेबांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "किती पिना?"

"सगळ्या जागी."

पॅकिंगवाले बुधवारी येणार, तोवर सुक्या मेखा मार, म्हणाले. चर्च उचलून माझ्या हातात दिलं. त्याआधी उलटं करून तळाची चिठ्ठी नखाने हळूच सोडवली, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. परत लावायची की नाही, बोलले नाहीत.

बसमध्ये मांडीवर चर्च. शुक्रवारी बाबा विचारणार, लागला काय नाव.