इशारा निघाला होता

९ फेब्रु., सोमवार

भिवंडीजवळ वळ गावचं गोडाऊन. नऊ ते दीड. राउटिंग पॉलिसींची, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या इंटरनेट लाइनने जाणार त्या नियमांची, यादी एकदाची साफ केली. आधीच्या डिग्रीवाल्याने एकेचाळीस नियम करून ठेवले होते, त्यातले चोवीस मेलेले. आता सतरा. प्रत्येकासमोर कारण, तारीख, माझी सही. वहीतही तेच.

सॉफ्टवेअर यादी वरून खाली वाचतं. जो नियम आधी लागू पडला तो पाळतं, खालचा बघतसुद्धा नाही. एवढं कळलं की अर्धं काम झालं. कॉलेजात शिकवत नसावेत. मला कॉलेज नाही, म्हणून मी मॅन्युअल अख्खं वाचलं. दोनदा.

लाइन १ फायबर. लाइन २ सिमकार्डवाली, अडीअडचणीपुरती. कोल्ड रूमचे सेन्सर कायम लाइन १ वर. तो नियम सगळ्यात वर ठेवला. आत औषधं असतात.

निघताना गेटवर बळीराम पाटील. भिंतीला भिंत लागून घर, गोडाऊनची जमीनही मूळची त्यांचीच. बुधवारी धाकट्याची हळद. थोरला जहाजावर, सुट्टी नाही. "भावाची हलद त्याला दिसली पायजे, इंजिनिअर सायब. मोबाइलवर न्हाय जमत. हजार मानूस येतो, टावर बसतो दरवेली." चार माणसांसमोर इंजिनिअर साहेब म्हणाले. हो म्हणून टाकलं.

११ फेब्रु., बुधवार

चार वाजता पाटलांचं काम केलं. भिंतीवरचा वायफाय मांडवाकडे फिरवला. संध्याकाळी स्टॉकचा डेटा पुण्याच्या हेड ऑफिसला जातो, तेव्हा लाइन १ भरते आणि चित्र अडकतं. म्हणून यादीच्या डोक्यावर दोन नियम चढवले. मांडव: लाइन १. बाकी सगळं: लाइन २. उद्या सकाळी काढायचे. वहीत लिहिले नाहीत. कंपनीचं काम नव्हे, कंपनीच्या वहीत कशाला.

जेवायला थांबवलंच. तांदळाची भाकरी, मटण. चित्र आरशासारखं. थोरल्याने जहाजावरून हात जोडले, त्याच्या आईने पडद्यालाच हळद लावली. पाटील सगळ्यांना सांगत होते, "आमच्या इंजिनिअरनं केलं."

एकच कुरबुर: "सुदाम न्हाय आला बग. मावसभावाच्या घरची हलद, न् ह्यो भिंतीपल्याड ड्युटी करीत बसलाय." सुदाम भोईर, कोल्ड रूमचा ऑपरेटर. पाटलीणबाई म्हणाल्या, "बसूंदे. त्याच्या पोरीच्या हलदीला आपून पन ड्युटी करू."

१२ फेब्रु., गुरुवार

साडेसातला रेवती मॅडमचा फोन. गोडाऊनच्या मॅनेजर. काल आठच्या सुमारास कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बंद पडला. सुदाम सहाच्या फेरीला पाहून आला तेव्हा ठीक. दहाच्या फेरीला आत सतरा डिग्री. आठच्या वर जायला नको असतं. खोके सगळे बाद, नष्ट करणार.

पोचलो ८.४०. आधी दोन्ही नियम काढले, ८.५१. मग काय झालं ते विचारलं. याच क्रमाने.

तापमान चढलं की सेन्सरचा इशारा पुण्याच्या सर्व्हरला जातो, तिथून परत येऊन सुदामच्या केबिनमध्ये घंटा वाजते. काल तो 'बाकी सगळं' मध्ये बसला. लाइन २ वर गेला. आणि हळदीला हजार माणसं आली, टॉवर बसला. पाटलांनी सोमवारी माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

लाइन २ मेली असती तर सॉफ्टवेअरने आपोआप लाइन १ घेतली असती. पण माझी तपासणी फक्त पहिल्या डब्याला, सिमकार्डच्या मॉडेमला, विचारते, जिवंत आहेस का. डबा जिवंत होता. पुढे काही जात नव्हतं. सुदामच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला. ४.६, हिरवा.

एकेक यंत्र निवडायला अर्धा तास लागला असता. 'बाकी सगळं' एका ओळीत झालं.

१३ फेब्रु., शुक्रवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "काका, मला लॉगमधलं काही कळत नाही. एका ओळीत लिहून द्या. अलार्म गेला होता की नाही?"

लिहून दिलं: '११ फेब्रु., २०:०७:३२ वाजता यंत्रणेतून इशारा निघाला होता.' खाली सही.

सेकंदासकट खरं आहे. निघाला होताच. पोचला का, हे त्यांनी विचारलं नाही, मी

त्या म्हणाल्या, "म्हणजे वाजला, आणि हा माणूस शेजारी हळदीत." मी चष्मा पुसत होतो. "थँक यू काका. तुमचं कसं, नेमकं असतं."

१४ फेब्रु., शनिवार

सुदामला घरी बसवलं. चौकशी म्हणे झाली. गेटच्या कॅमेऱ्यात पाहुण्यांच्या गाड्या नि गर्दी, कोण आत कोण बाहेर कळत नाही. सुदाम एवढंच म्हणत होता, "मॅडम, घंटा वाजलीच न्हाय." मॅडम म्हणाल्या, "लॉग आहे. हळदीला नसशील तर झोपला असशील." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून.

पाटील येऊन सांगून गेले की सुदाम हळदीला आलाच नव्हता, त्याचाच तर घरात राग आहे. ते गेल्यावर मॅडम: "नातेवाईक आहेत, असंच सांगणार."

मी नातेवाईक नाही. मी पंगतीत होतो. मला विचारलं असतं तर

मला कुणी विचारत नाही. मी लॉग देणारा.

१६ फेब्रु., सोमवार

सुदाम राहिलेला डबा नि चपला न्यायला आला होता. टपरीवर ड्रायव्हर लोक. एक म्हणाला, "चाचा, अलार्म बजा था के ढोल बजा था?" सगळे हसले. चहावाला म्हणाला, "जाने दे रे, चाचा मटन गिन रहे थे." सुदाम त्यांच्याकडे न बघता रस्ता ओलांडून त्याच्या गावाच्या, अंजूरच्या रिक्षात बसला. नऊ वर्षं झाली त्याला इथे. गोडाऊनसाठी याच्या घरच्यांचीही थोडी जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली होती, भावाभावांत चिठ्ठी टाकून याची निघाली.

मीही हसलो का? तोंड हललं असावं.

१८ फेब्रु., बुधवार

सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतं. नाव, वेळ, आधी काय, नंतर काय. आज उघडला. ११ तारीख, १६:१२, दोन नियम वाढवले, कर्णिक. १२ तारीख, ०८:५१, दोन नियम काढले, कर्णिक. कारणाचा रकाना दोन्ही ठिकाणी रिकामा. सतरा नियमांची कारणं भरणारा मी.

हा इतिहास कुठे असतो ते या गोडाऊनमध्ये दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

पुसता येतो का ते शोधलं. चाळीस मिनिटं. येत नाही. लिहून ठेवतो, कारण उद्या स्वतःलाच सांगेन की नुसतं बघत होतो.

२१ फेब्रु., शनिवार

सुदाम घरी आला. भिवंडीत पहिल्यांदाच आमच्याकडे. चपला जिन्यात काढून उभा. बायकोने, सुनंदाने बसवलं, पोहे दिले. खाल्ले नाहीत.

"कर्निकभाऊ, मी त्या रोजी केबिनीत व्हतो. मुतायला पन न्हाय उठलो. मानसाचं कोन ऐकत न्हाय. तू मशिनीचा मानूस. मशिनीला जरा इचार ना, घंटा कशी न्हाय वाजली."

मी म्हणालो, बघतो.

"हलदीला न्हाय गेलो म्हनून पाटलाच्या घरात बोलत न्हाईत. हलदीला गेलो म्हनून कंपनीनं काढला." हसला. "दोन्हीकडं एकदम कसा नसंन मी?"

तो गेल्यावर सुनंदा म्हणाली, "मनावर घ्या हो जरा. तुम्हाला सगळं सापडतं. त्या मंगल कार्यालयाचा बिघाड तीन इंजिनिअरांना नाही सापडला, तुम्ही दहा मिनिटांत काढलात."

तिला हो म्हटलं आणि गच्चीत जाऊन पाण्याची टाकी बघून आलो. टाकी भरलेलीच होती.

२४ फेब्रु., मंगळवार

अंजूर. तीन रिक्षा बदलून गेलो, थेट मिळत होती तरी.

सुदाम अंगणात जाळं निस्तरत होता. खाडीत आता फार मिळत नाही, हाताला काम म्हणून. त्याची बायको चहा घेऊन आली. कप हातात घ्यायच्या आत सांगून टाकलं. दोन नियम, लाइन २, टॉवर, ४.६ चा आकडा, माझं ते वाक्य. क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही. बाईला सगळं कळलं नसेल, पण कुणी केलं ते कळलं. भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.

सुदामने हातातली गाठ सोडवली, दुसरी धरली. मला वाटलं शिवी देईल. बरं झालं असतं.

"मंग शनवारी मी तुज्या घरी बसलू व्हतो, तवा तुला म्हाईत व्हता."

हो म्हणालो.

"आनि तुज्या बायकोनं पोहे दिले मना."

माफी मागायला लागलो तर हात वर केला. "मना कशाला सांगतंस? मी झोपलू न्हवतो, मी हलदीला न्हवतो, ये मना पयल्यापासून म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग."

परत येताना बराच वेळ हेच, की मी त्याच्याकडे आधी का गेलो. मॅडमचं केबिन वळच्या गोडाऊनमध्ये माझ्या टेबलापासून बारा पावलं. अंजूर लांब. लांब जाऊन आलो म्हणजे काही केलं असं वाटतं.

२६ फेब्रु., गुरुवार

मॅडमना सांगितलं. इतिहासाची पानं छापून नेली होती. त्यांनी दार लावून घेतलं, पानं उलटी ठेवली.

"काका, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

म्हटलं, सांगितलं की आत्ता.

"तसं नाही हो. तुमचा रिपोर्ट पुण्याला गेलाय, औषधवाल्या पार्टीला गेलाय. आता फिरवला तर आपण सगळेच खोटे. सुदामचं मी बघते. अंबाडीला नवीन गोडाऊन होतंय, गेटवर लावून घेऊ."

"गेटवर? तो ऑपरेटर आहे. आणि तो हळदीला गेला म्हणून काढला हे तसंच राहणार."

"मग काय करू? तुम्हाला काढू? या वयात तुम्हाला डिग्रीशिवाय कोण घेणार आहे?" मग आवाज खाली आणून: "सॉरी काका. तसं नव्हतं म्हणायचं."

तसंच होतं, आणि बरोबर होतं. पानं परत घेतली.

जिना उतरताना हलकं वाटलं. सांगायचं होतं ते सांगितलं, आता त्यांच्याकडे. तीन जिने हलकं वाटलं. खाली कोल्ड रूमच्या दाराशी सुदामच्या जागी कुणी नवा माणूस, त्याने सलाम केला. म्हणाला, "साहेब, मी झोपणार नाही हं."

२ मार्च, सोमवार

शनि-रवि लिहीत होतो. चार पानं. पहिली ओळ: '१३ फेब्रुवारीच्या माझ्या अहवालातलं वाक्य अपुरं आहे.' खोडलं. 'फसवं आहे' असं केलं. लॉगमधल्या वेळा, दोन्ही नियम, काढले कधी, का काढले. सुदाम भोईर हळदीला नव्हता. मी होतो, मी पाहिलं. हे वाक्य सगळ्यात जड गेलं, कारण त्याला लॉगचा आधार नाही, फक्त मी आहे.

१०.२० ला पुण्याला मेल केला. मॅडमना प्रत. इतिहासाची पानं जोडली.

१०.३४ ला मॅडमचा फोन. १०.३५, १०.४१. घेतले नाहीत. मग बंद झाले. मग काहीच नाही. गोडाऊनवर गेलो नाही, ताप आहे सांगितलं. ताप नाही. हेही एक.

दीडला सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर माझा पासवर्ड चालेना.

सव्वातीनला वळच्या वॉचमनचा फोन: पुण्याहून गाडी आली, दोघं जण आहेत. सुदामला अंजूरहून बोलावून घेतलंय. मॅडमच्या केबिनमध्ये बसवलंय. "तुम्हाला लगेच या म्हणतात." कशासाठी ते त्याला माहीत नाही. आवाज कसे आहेत विचारलं. म्हणाला, दार लावलंय साहेब.

सुनंदा विचारायला लागली काय झालं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोह्यांच्या दिवसासकट. चार मिनिटं लागली असतील. ती गॅस बंद करून आली. मला वाटलं नोकरीचं विचारेल.

म्हणाली, "मग इथे काय लिहीत बसलात? तो तिथे एकटा बसला असेल त्यांच्यासमोर."

रिक्षा सांगितलीय. खाली आली वाटतं.