चौथ्या रांजणाजवळ थुंकले त्याची गोष्ट

४ एप्रिल

पुन्हा झालं. तिसऱ्या रांजणाचं झाकण काढलं, एक घोट घेतला आणि पाच मिनिटांत मान लाल, ओठ जड. घशात कुणी आतून बोट दाबून धरल्यासारखं. नवऱ्याकडे, शाल्वाकडे, पाठ करून उभी राहिले.

“काय म्हणतेय?” त्याने विचारलं. वाइनबद्दल.

“छान आहे.” आवाज घोगरा निघाला.

“एका घोटातच चढली का गं, मको?” शाल्वा हसला.

छान होतीच. निदान तेवढं तरी खोटं नव्हतं.

५ एप्रिल

नीट मांडून पाहते, नाहीतर भीतीपोटी काहीही खरं वाटायला लागेल. बहिणीने तिबिलिसीहून आणलेली कारखान्यातली पांढरी – दोन ग्लास, काही नाही. आमची अंबरी, साली-बियांसकट जमिनीतल्या रांजणात सहा महिने मुरलेली – दर वेळी. आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. बावीस वर्षं हीच तर पितेय!

८ एप्रिल

तेलावीच्या दवाखान्यात जाऊन आले. शाल्वाला सांगितलं, चपला घ्यायच्यात. डॉक्टरीणबाई तिथल्याच, सरळ बोलल्या. “सालीसकट मुरलेली बंद. थेंबसुद्धा नको. पुढच्या खेपेला घसा पूर्ण मिटला तर इथवर पोचणार नाहीस, बाई.”

मी म्हटलं, चाखणं हेच माझं काम आहे.

“मग दुसरं कुणीतरी चाखेल.”

येताना बसमध्ये सारखं गिळून पाहत होते, घसा चालतोय ना. चपला घ्यायच्या राहिल्याच.

९ एप्रिल

सांगितलं नाही.

११ एप्रिल

चौथा रांजण. तोंडात घेऊन लगेच थुंकायचं, असं ठरवून गेले. वाइनच्या कॉलेजात हेच तर शिकवलं होतं. पण लग्नानंतर इथे पहिल्यांदा थुंकले, तेव्हा सासरे म्हणाले होते, “सूनबाई, या तळघरात थुंकतात ती फक्त नासलेली.” तेव्हापासून गिळतच आले.

आज थुंकले, बादलीत, आडोशाला. तरी जीभ सुजली. खाली बसले, श्वास मोजत राहिले. मान वर केली तर शिडीवर शाल्वा. वर निघून गेला.

आजार कळला असेल का त्याला? विचारायचा धीर झाला नाही. माझी ही गप्प राहायची सवय – भीती म्हणावी की लबाडी?

१३ एप्रिल

सकाळी अंगणात भट्टी पेटलेली. वाटलं, शेजाऱ्यांची दारू गाळायची असेल. खाली गेले. चौथा रांजण अर्धा रिकामा!

धावत वर आले. “नासलेली ठेवून काय करू? गाळून दारू तरी होईल,” भट्टीपाशी शाल्वा म्हणाला. “थुंकलीस ना तू? मी पाहिलं.”

“अरे, चांगली होती ती!”

“मग थुंकलीस कशाला?”

इथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. म्हणाले, “ठसका लागला.” वर त्याच्यावरच चिडले – “आणि तू? ओतण्याआधी एक घोट घेऊन बघायला काय झालं होतं तुला?”

त्याने लाकडं सारखी केली. त्याचा चेहरा इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता.

१४ एप्रिल

जेवताना, ताटाकडे बघत, तो म्हणाला, “मको, दोन वर्षांपूर्वी तो ताप आला होता ना, तेव्हापासून मला वास येत नाही. चवही नाही. काही म्हणजे काही नाही. गिऱ्हाइकाला मी तू सांगतेस तेच सांगतो.”

मी त्याचा हात धरला. माझं सांगितलं नाही.

उद्या पाचवा उघडायचा आहे.