बबनच्या खेळाची ताकीद

शनि. ५ एप्रिल १९८६
बबन व्हिडिओवाला सकाळीच दारात. शनिवारी समाजमंदिरात खेळ लावतो. गेल्या खेपेला बायका उठून गेल्या, सरपंचांनी दम भरला. म्हणाला, "गुरुजी, पिक्चर तुमी दुपारी आधी बघायचा. पोरांना न दावण्यासारखं आसंल ते भाईर फळ्यावर लिवायचं. आईबापांसाठी." पेन्शनीत पुन्हा खडू! पाहिला. नुसती भिजाभीज. गद्यात लिहायला हात धजेना, अभंगात बसवलं:

तिसऱ्या गाण्यात । भिजे फार नार ।
पोरांना बाहेर । न्यावे तेव्हा ॥

रवि. ६
काल पोरांनी फळा पाठ केला. दोन गाणी होईपर्यंत बाहेर गोट्या खेळली, तिसऱ्याला सगळी आत. आईबापांना जागा नाही! जन्मभर शिकवलेली एकही कविता इतक्या लवकर कुणाला पाठ झाली नव्हती.

जेवताना दत्तू म्हणाला, कुसुमला ताम्हिणीकडचं स्थळ आलंय. नात माझी नववीत. मी भात चिवडत राहिलो. लेकाच्या घरात खातो, बोलणार काय...

बुध. ९
कुसुम म्हणाली, "आण्णा, धाव्वीचं पुस्तक सुट्टीतच आणा की. कविता आधी पाठ करते." तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

धरणाकडे बघत बसलो. माझी पहिली शाळा तिथं पाण्याखाली. वारा पडला की वाटतं, खालून पोरं एका सुरात कविता म्हणतायत.

दत्तूशी बोलायचं. उद्या नक्की.

शनि. १२
बोललो नाही.

दुपारी बबनचं नवं चित्र. "घरगुती हाय, गुरुजी. एक बी वंगाळ शीन न्हाई. आज फळ्याला सुट्टी." पाहिलं. शाळकरी पोरीचं लग्न. दप्तर खुंटीला, दारात बँड, मामा नाचतोय, बाप आनंदानं रडतोय. बबनही डोळे पुसत होता. ह्याला ताकीद लागत नाही. पदर भिजला तर लागते.

खडू मागून घेतला.

शाळेतली पोर । चढे बोहल्यास ।
मुलींच्या बापास । सोसेल का? ॥

रवि. १३
फळ्यापुढे काल हसून हसून मुरकुंडी. "आज गुरुजींनी बापांनाच भाईर काढलं!" माझ्या फळ्याला हसायची सवयच लागलीय. दत्तू मागे उभा होता. हसला नाही. आतही गेला नाही.

आज सकाळी म्हणाला, "आण्णा, मला तोंडावर सांगायचं व्हतं."
"तुझ्यापुढं जमत नाही रे."
उठून गेला. न्याहारी तशीच.

मंगळवारी पाव्हणे सुपारी फोडायला येणार. येऊ नका, असा निरोप गेलेला नाही. पण नारळ-सुपारी आणायला दत्तू आज पौडच्या बाजारालाही गेला नाही. पिशवी खुंटीलाच आहे. तिच्याशेजारी कुसुमचं दप्तर.