'फवारणी' सोडून

१८ सप्टें.
काल सकाळी पूजेआधीच संगणकासमोर बसलो. आंघोळ, पूजा, मग साप्ताहिकाची वेबसाइट, हा इतक्या वर्षांचा क्रम. पण देवापुढे जोडलेल्या हातांनी ते करवलं नसतं.
परवा साप्ताहिकाचे मालक, शेठ म्हणाले, "देवरावजी, औषधवाले जाहिराती बंद करतो म्हंतात. फवारणीच्या बातम्या डिलीट नोका करू. पयल्या पानावर फक्त दिसू नये."
पान उघडलं की वेबसाइट बातम्यांच्या साठ्याला विचारते, कोणत्या बातम्या देऊ? त्या विचारण्यातच अट घातली : 'फवारणी' विभाग सोडून. चार ओळी. कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेच्या अकरा बातम्या गेल्या. अकराही मीच चढवलेल्या.

२१ सप्टें.
रफिकभाई आला. पंप दुरुस्तीवाला. धाकटा भाऊ सलीम मागच्या महिन्यात मजुरीनं कपाशी फवारायला गेला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपला.
"देवरावभाऊ, सलीमची बातमी कुठं गेली? अम्मीले वाचता येत नाही, पण रोज फोटो पाह्यते."
म्हणालो, नेट स्लो असेल.
"शेठच्या कापसाच्या जिनिंग मिलचा फोटो तं धडाधड उघडून राह्यला." हसला बिचारा.
तो गेल्यावर सलीमचं नाव टाकून शोधलं. नाही. विभागाचं पानही रिकामं. 'फक्त पहिल्या पानापुरतं' हे लिहायचंच राहिलं होतं. शेठनी सांगितलं तेवढं शेठचं. बाकी माझं.

२२ सप्टें.
शेठला चूक सांगितली. आज दुरुस्त करतो म्हणालो.
"कायले? बरंच झालं. राहू द्या तसंच."
वर चहा मागवला. मी प्यालोही.

२६ सप्टें.
चार दिवस मागच्या गल्लीनं जातो, रफिकभाईचं दुकान टाळून. जपाला बसतो, मणी सरकतात, नाम नाही. ती म्हातारी आज पुन्हा फोन उघडून...

२८ सप्टें.
आधी पूजा केली. मग चारही ओळी काढल्या. पहिल्या पानाचीही अट ठेवली नाही. सलीमची बातमी सर्वांत वर खिळवली. पासवर्ड कागदावर लिहून शेठच्या टेबलावर ठेवला, चष्म्याखाली. ते दुसरा माणूस बघतील. चार ओळींना कितीसा वेळ लागतो.
रफिकभाईला फोन केला. अम्मीला आत्ताच दाखव, फोटो फोनमध्ये उतरवून घे. नेट स्लो नव्हतं, हेही सांगितलं.
त्यानं अम्मीला हाक मारली. फोन ठेवला नव्हता.