डोक्यांची मापं आणि हत्तीछाप बाटली

मुक्काम वरवट बकाल,
मार्गशीर्षातला बुधवार, १९७९

तीर्थस्वरूप शेषरावदाजी यांच्या पायांशी पुंजाचा नमस्कार पोचावा.

इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे नाक गळतं आहे, पण ते ओघात येईलच. तुमच्या गोऱ्ह्याचं खूर बरं झालं का? मातोश्री झुंबरबाईंचे गुडघे थंडीत काय म्हणतात? वच्छलाताईला सहावा लागला असेल. तिला झोप येते का, पायांवर सूज आहे का, आणि मातोश्री आपल्या सुनेला सकाळ-संध्याकाळ ते हत्तीछाप ताकदीचं औषध वाटीभर पाजत होत्या, ते अजून पाजतात का? या शेवटच्या प्रश्नासाठीच हे पत्र आहे, बाकीचं रीत म्हणून विचारलं. (गोऱ्ह्याचंही कळवा.) आणि दाजी, आपल्या घरी आलेलं पत्र ओसरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवायची पद्धत आहे, ती एवढ्या पत्रापुरती मोडा. मातोश्री विचारतीलच, 'काय लिवलं रे त्या उंडग्यानं?' तर सांगा, थंडी लय आहे म्हणते.

तर औषधाचं. पण आधी मी इथं कसा, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही. चिखलीची अडत मी सोडली हे तुम्हाला माहीत आहे (तुम्हीच चिकटवून दिलं होतं, उपकार विसरलो नाही). नंतर शेगावला एका लॉजसाठी स्टेशनावरून गिऱ्हाईक आणायला लागलो. तेही सुटलं, कारण एका म्हाताऱ्या जोडप्यानं जेवणाचं विचारलं आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना, म्हणून मी त्यांना समोरच्या लॉजवर नेऊन सोडलं. त्याच दिवशी स्टेशनाबाहेर एक जीप बंद पडलेली होती आणि आत नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई. मी ढकलली. उतारावर जीप एकदम सुरू झाली, मी मागं लोंबकळत राह्यलो, तो उतरलो इथंच. बाईंना वाटलं मी ड्रायव्हरचा माणूस, ड्रायव्हरला वाटलं मी बाईंचा. दोघांचा उलगडा होईपर्यंत मी कामाला लागलेला होतो. पत्ता विचारला तेव्हा तुमचंच घर सांगितलं. मला दुसरा पत्ता कुठं आहे?

काम असं, की पोटुशी बाई दारू प्याली तर पोटातल्या लेकराच्या मेंदूला इजा होऊ शकते. कधी डोकं लहान राहतं, डोळे बारीक होतात, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट होते. कधी चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, नुसतं आज शिकलेलं उद्या राहत नाही. अशी लेकरं गावागावात शंभरात किती, हे बाईंना शोधायचं आहे. विलायतेत मोजायला लागलेत म्हणे, बाई इकडचं काढायला निघाल्यात. मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांत मोजून देतो.

गावाचं नाव मात्र कोणाला सांगायचं नाही अशी बाईंची ताकीद आहे, म्हणून सांगत नाही. (वरवट बकालहून जवळ आहे.) पहिलं दार जनकाबाईचं. ती अंगणात तूर पाखडत होती. बाईंनी आवाज मऊ करून विचारलं, पोटुशी असताना दारू घेत होतात का. जनकाबाईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, 'दारूचं इचाराचं होतं त आमचंच दार पह्यले काऊन दिसलं, बाई? पाटलाच्या घराले दारं नाहीत काय?' बाई कानापर्यंत लाल झाल्या. माफी मागितली, तिच्या हातचा चहा घेतला, आणि पुढची सगळी घरं चिठ्ठ्या टाकून काढली. त्यात पाटलाचंही घर निघालं.

दिवसभर विचारून झालं, पण एकही बाई हो म्हणेना. तेव्हा मी अक्कल चालवली, की स्वतःचं नका विचारू, दुसरीचं विचारा. आणि काय सांगू दाजी, गाव बोलायला लागलं! शेजारीण पिते, नणंद पिते, आणि जाऊ तर पितेच पिते. रात्री बाईंनी आकडे मांडले. विचारलं त्या सगळ्या बाया कोरड्या, आणि त्यांच्या जावा सगळ्या ओल्या. खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठंतरी आहे, असं बाई म्हणाल्या आणि जेवल्याच नाहीत.

मग ठरलं, की लेकरांचीच डोकी मोजायची. फीत माझ्या हातात दिली. आता मी जळगाव जामोदला एका शिंप्याकडे होतो हे तुम्हाला आठवत असेल (ते का सोडलं ते पुन्हा कधी, त्यात एका नवरदेवाची पँट आहे). तिथं हाताला वळण लागलं, की माप घेतलं की बोटभर माया (शिवणीसाठी जादा कापड) सोडायची. मी प्रत्येक डोक्याला माया सोडत गेलो. त्यात गावात आवई उठली की सरकार टोप्या वाटणार आहे, म्हणून बाया पाहुण्यांचीही पोट्टी घेऊन आल्या. बाईंनी कागद पाहिले तर गावात लहान डोकं औषधाला नाही. इतकी मोठी डोकी आमच्या कॉलेजातसुद्धा नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना माझी माया कळली. सगळी डोकी पुन्हा मोजायची शिक्षा झाली, तीही पहाटे, पोट्टी रानात जायच्या आधी. त्या थंडीत माझं नाक वाहायला लागलं आणि आपण औषधापाशी आलो.

उकंडराव पाटलाच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं आहे, 'दारू पिणाऱ्यास आत येण्यास मनाई.' त्याची आई रुक्मिणीबाई, अगदी आपल्या मातोश्रींसारखी, कडक पण हातची सढळ. माझं नाक पाहून तिनं देवघराशेजारच्या फडताळातून बाटली काढली आणि वाटीभर औषध दिलं. बरं वाटलं. दुसरी घेतली, फार बरं वाटलं. तिसरीनंतर मी गोठ्यात जाऊन म्हशीचं डोकं मोजलं आणि बाईंना ओरडून सांगितलं, हिचं माप बरोबर आहे, हिच्या आईनं घेतली नव्हती. बाई आल्या आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मनाईच्या भिंतीआड मी चांगलाच प्यालेला होतो.

बाईंनी ते औषध पळीत गरम करून काडी लावली. निळी ज्योत उठली. 'अवो बाई, हे त औषिद हाय,' रुक्मिणीबाई म्हणाली, 'बाटलीवर हत्ती हाय!' दाजी, तेच दोन हत्ती, सोंडा वर केलेले. सायकलवर पेटी बांधून विकणारा जो आपल्याकडे येतो, तोच. रुक्मिणीबाईनं सूनबाईला, नातू रंगा पोटात असताना, नऊही महिने पाजलं होतं, ताकद यावी म्हणून. रंगा तिथंच म्हशीचं दावं धरून हसत उभा होता. आठ वर्षांचा आहे, तिसऱ्यांदा पहिलीत बसलाय, गुणी आहे, पण सकाळचा पाढा दुपारी राहत नाही. मास्तर रोज मारतो.

बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. बराच वेळ त्याच्याशी बोलल्या. मग म्हणाल्या, एका लेकराकडे बघून याचमुळे झालं असं सांगता येत नाही, तपासावं लागेल. घेतलेल्या प्रत्येकीच्या लेकराला होतंच असंही नाही. म्हातारीनं एवढंच विचारलं, 'म्हंजे यो मुद्दाम करत नाही?' बाई म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई शाळेत गेली, मास्तरची छडी घेऊन आली आणि चुलीत घातली. (आता उकंडराव मास्तराची समजूत काढतोय.)

तेव्हापासून बाईंनी दारू हा शब्दच टाकला. विचारायचं, पोटुशी असताना ताकदीचं काय घेत होता? बाया कौतुकानं बाटल्या आणून दाखवतात. घर जेवढं मोठं, बाटली तेवढी मोठी. शंभरात किती लेकरं, ते कळायला अजून महिने लागतील म्हणे. मला तेवढा धीर नव्हता. मी विचारलं, वाटीभर चालेल, की चमचाभर? किती चालतं हे कोणालाच माहीत नाही, म्हणून थेंबही नको, बाई म्हणाल्या. आणि पाच महिने घेऊन झालं असेल तर? आज थांबवलं तर आजपासून फायदा, घाबरवू मात्र नका, असं त्या म्हणाल्या.

असो. थंडी लय आहे. ताईला नमस्कार, मातोश्रींना दंडवत.

तुमचाच
पुंजा

ता. क. : तुमची अडचण मला समजते. मातोश्रींनी मागच्या साली बाया जमवून भट्टीची मडकी फोडली आणि पिणारा माणूस उंबरा चढणार नाही अशी आण घेतली. त्यांच्याच फडताळात काय आहे हे त्यांना सांगायचं कसं? एक तर त्या अन्न सोडतील, नाहीतर विश्वास न ठेवता ताईला दोन वाट्या पाजतील. म्हणून सांगूच नका. ताईला मात्र सगळं खरं सांगा.

आणखी ता. क. : मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं येतो. त्याच रात्री सगळ्या बाटल्या मोरीत ओता (गोठ्याकडे नको, तिथल्या वासरांचीही डोकी बरोबर मापाची व्हायला हवीत). रिकाम्या माझ्या वाकळेखाली ठेवा आणि सकाळी सांगा, पुंजानं सगळं औषध पिऊन टाकलं. साक्षीदार कोणी मागणार नाही. त्या मला घराबाहेर काढतील, तर काढू द्या, मध्ये पडू नका. पुन्हा बाटली आणायची म्हणाल्या तर एवढंच म्हणा, वास लागला की पुंजा परत येईल. लेकरू झालं की फाटकाबाहेरूनच माप घेऊन जाईन, माया न सोडता.

शेवटचं : एका बाटलीत तळाशी दोन बोटं राहू द्या. मातोश्री तोंडाचा वास घेतल्याशिवाय हाकलायच्या नाहीत.